कोरडा कोपरा

अक्कांचा चेहरा आठवायला गेलं की मला आधी त्यांचे पाय आठवतात. हे चारचौघांत सांगायला बरं दिसत नाही, पण इलाज नाही. टाचा भेगाळलेल्या, बोटं फाकलेली, आणि डाव्या अंगठ्याचं नख लहानपणी दगड पडून गेलेलं, ते पुन्हा कधी नीट आलंच नाही. चपला असायच्या, पण पायात नाही. त्या कुरणाच्या फाटकावर, लोखंडी कडीला अडकवलेल्या असायच्या. तिथं चपला दिसल्या की गावाला कळायचं, अक्का पाहणीला आल्यात, आज कुणी उगाच आत शिरू नये.

नाव यल्लूबाई विटकर. पण हजेरीपट सोडला तर ते नाव कुठंच चालत नव्हतं. त्यांच्याहून मोठी माणसंसुद्धा त्यांना अक्काच म्हणायची. सोलापूरहून वैरागकडे जाणाऱ्या रस्त्यालगत दगडाची एक जुनी खाण आहे. दगड संपला, मशिनी निघून गेल्या, आणि मागं उरलं ते नुसतं भगदाड. आमच्या संस्थेनं ते मुरमानं भरून काढलं, वर तलावातला गाळ पसरला आणि गवत लावलं. सगळ्यात खोल खड्डा तेवढा तसाच ठेवला. त्यात पाणी साठतं, ते पंपानं उचलायचं आणि तुषार संचानं गवतावर फिरवायचं. पाण्याचं मी बघायचो, गवताचं अक्का. कुरणाचे तुकडे पाडले होते आणि कुठला तुकडा गुरांना कधी उघडायचा हे ठरवायचा अधिकार एकट्या अक्कांचा होता. त्यांनी फिरून येऊन मान हलवल्याशिवाय एक शेळीसुद्धा आत जात नसे.

यात काही मिजास नव्हती. भरावाची जमीन फसवी असते. वरून हिरवीगार दिसते, पण पाणी मुरत जातं तसा खालचा मुरूम खचत जातो आणि मध्येच कुठंतरी पोकळ राहून जातं. तिथं म्हशीचा पाय गेला की म्हैस कामातून गेली. म्हणून अक्का कुणाच्या बापाला भीक घालायच्या नाहीत. सरपंच असो, संस्थेचे अध्यक्ष असोत, नाही म्हणजे नाही.

आणि याच बाई दरवर्षी एका कोपऱ्याबद्दल धडधडीत खोटं बोलायच्या. मागच्या अंगाला, विजेच्या खांबापलीकडे, एका बाभळीजवळ कुरणाचा एक कोपरा होता. बाकी सगळीकडे पाणी फिरायचं, तो तेवढा कोरडा. अक्का म्हणायच्या, तिथला भराव अजून बसला नाही. भराव चांगला घट्ट बसला होता. त्या कोपऱ्याखाली त्यांचा धाकटा भाऊ होता. हे मला कळायला वेळ लागला, तुम्हाला मात्र आधीच सांगून टाकतो. ते माहीत नसेल तर बाकीची बाई तुम्हाला नुसतीच खाष्ट वाटेल, आणि तसं वाटलेलं मला चालणार नाही.

आमची पहिली भेट फाटकातच झाली. मी शहरात वाढलेला. वडील अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मागावर टॉवेल विणायचे. घरात गाय नाही, शेत नाही. गवताचे मला दोनच प्रकार ठाऊक, बागेतलं आणि बागेबाहेरचं. नोकरी लागली म्हणून नवे बूट घेतले होते. ते घालून रुबाबात आत पाऊल टाकणार तोच आवाज आला.

"बूट काढा सायब."

"अहो, आत काटे असतील."

"हायेत की. लई हायेत. म्हणून तर काढा. काट्याचं भ्या असलं की मानूस खाली बगून चालतंय."

काढले. थोडं पुढं गेलो नाही तोच सराटा टाचेत घुसला. मी एका पायावर उभा, धरायला आसपास काही नाही, आणि कुंपणापलीकडून एक रेडकू माझ्याकडे टक लावून बघतंय. अक्कांनी बांगडीला अडकवलेली पिन काढली, माझा पाय स्वतःच्या गुडघ्यावर घेतला आणि काटा काढला. मी अवघडून गेलो. त्यांना त्याचं काहीच नव्हतं. पायाकडे निरखून बघत म्हणाल्या, "तुपात ठेवला हुता काय वो?" पुढे कित्येक दिवस कुरणावर मला "तुपातले सायब" म्हणत. गुराख्यांनीही ते उचललं. मी चिडायचो, आणि चिडलो की अक्का पदर तोंडाला लावून हसायच्या.

त्यांची पाहणी बघण्यासारखी असायची. साडीचा ओचा खोचून त्या तुकड्याच्या एका कडेनं निघायच्या. एक टाच रोवायची, अंगाचा भार टाकायचा, थांबायचं, मग दुसरी. मधूनच वाकून गवताचा ठोंब मुठीत धरून खस्सकन ओढायच्या. पात तुटून हातात आली तर ठीक, मुळासकट उपटून आलं तर तुकडा बंद. गुरं पात कुरतडत नाहीत, जिभेनं ओढतात. मुळं धरलेली नसली तर एका दिवसात रान उघडं पडतं. चालताना स्वतःशी काहीतरी पुटपुटायच्या, ते तेलुगूत असायचं. वडारांच्या घरातली तेलुगू. आंध्रातल्या माणसालाही ती निम्मीच कळेल, असं त्याच सांगायच्या. नवख्या गुराख्यांना वाटे, अक्का मंत्र म्हणतात. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "मंतर कशाचा? सुनंला शिव्या देतीया. घरी देता येत न्हाईत."

पाहणी झाली की एकच शब्द. "बसलंय." किंवा "बसलं न्हाय." हाच शब्द त्या दुनियेतल्या सगळ्या गोष्टींना लावायच्या. ऑफिसात नवीन कारकून आला, तो फार बोलायचा, तर अक्का म्हणाल्या, "अजून बसला न्हाय." माझं लग्न झालं, बायकोला घेऊन मी कुरणावर गेलो. अक्कांनी तिला आपल्या डब्यातली शेंगाची चटणी आणि कडक भाकरी दिली, ती तिनं मुकाट्यानं कडाकडा खाल्ली. निघताना अक्का माझ्या कानाशी म्हणाल्या, "बसंल. काळजी करू नका." माझ्या बायकोला अजून वाटतं की ते भाकरीबद्दल होतं.

त्या कधी चुकत नसत असं मात्र कुणी समजू नये. एकदा खालच्या तुकड्यात टाच रोवून त्या थांबल्या त्या थांबल्याच. पुन्हा रोवली. म्हणाल्या, "हितं पोकळ हाय. खणा." बरं, खणा म्हटल्यावर खणायचं. भर दुपारी माणसं लावली, माझी पाण्याची लाइन उखडली, गवताची वाट लागली. निम्मा दिवस खणल्यावर पहारीला जे लागलं ती पोकळी नव्हती, अखंड शिळा होती. भराव टाकताना कुणी फोडायचा कंटाळा केला असेल. वर गाळाचा थर आणि खाली दगड, त्यामुळे पाय टाकला की वेगळाच आवाज यायचा. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मी माझ्या तुटलेल्या पाइपांकडे बघत होतो आणि मला संताप आला होता. अक्का खड्ड्यात उतरल्या, त्या शिळेवर हात फिरवला, आणि कपाळावर हात मारून घेतला. "वडाराच्या पोरीला दगड वळकू आला न्हाय! माजा बाप असता तर पहारीनं हाणला असता." आणि मग इतक्या मोकळ्या हसल्या की खणणारेही हसायला लागले. हसता हसता त्यांना खोकला आला, तो बराच वेळ थांबेना. तो खोकला त्यांना कायमचा होता. खाणीतली धूळ लहानपणी छातीत गेली ती काही पुन्हा बाहेर आली नाही.

त्यांचा बाप याच खाणीत दगड फोडायचा, आई खडी फोडायची. खाणीच्या काठावर पालांची वस्ती होती, तिथं अक्का वाढल्या. पुढे कुणाच्या तरी मध्यस्थीनं वसतिगृहात गेल्या, शेतीची पदविका केली, नोकरीला लागल्या. हे त्या स्वतःहून कधी सांगायच्या नाहीत. पण दगडावर बसायच्या नाहीत. जेवायची सुट्टी झाली की आम्ही सगळे खाणीच्या काठावरचे सपाट दगड बघून बसायचो, अक्का खाली मातीत. एकदा मी आग्रह केला तर म्हणाल्या, "ज्याच्यावर पोट चाललं त्याच्यावर बूड टेकायचं का?" वाद घालण्यात अर्थ नव्हता.

एकदा संस्थेला पैसे देणारे कुणी मोठे पाहुणे यायचे होते. अध्यक्षांची हौस अशी की, पाहुणे गाडीतून उतरताना समोर हिरव्या गवतात गुरं चरताना दिसली पाहिजेत. पुढचा तुकडा दिसायला देखणा होता, पण आदल्याच दिवशी पाणी दिलेलं. अक्का म्हणाल्या, वल्या रानात गुरं सोडायची न्हाईत. अध्यक्ष म्हणाले, फोटोपुरती सोडू, लगेच बाहेर काढू. सकाळी गावातली धष्टपुष्ट गुरं निवडून, शिंगं रंगवून, गळ्यात झेंडूच्या माळा घालून फाटकाशी आणली. आणि फाटकात अक्का. भांडण नाही, आरडाओरडा नाही. फाटकाच्या मधोमध मांडी घालून बसल्या होत्या आणि डबा उघडून भाकरी खात होत्या. पाहुण्यांची गाडी आली. अध्यक्षांचा चेहरा लालेलाल. पाहुण्या बाई होत्या, त्यांनी खाली उतरून विचारलं, काय झालं? अक्का म्हणाल्या, "काय न्हाय, जेवतीया. या, बसा." त्या बाई खरंच बसल्या. तोवर गुरांनी एकमेकांच्या गळ्यातल्या माळा खाऊन टाकल्या.

आता सांगा, असल्या बाईवर कोण संशय घेईल? मीही घेतला नव्हता. मला फक्त तो कोपरा खुपायचा. माझ्या नकाशावर सगळीकडे पाण्याची वर्तुळं एकमेकांना भिडलेली आणि तिथं तेवढं रिकामं. पाण्याच्या माणसाला असं रिकामं बघवत नाही. दर उन्हाळ्याआधी मी विचारायचो, अक्का, खांबापलीकडे लाइन टाकू? दरवेळी तेच उत्तर, "तितलं बसलं न्हाय अजून." शेवटी एक दिवस मीच पहार घेऊन गेलो. ठिकठिकाणी ठोकून बघितलं. पहार आत जाईना इतकी जमीन घट्ट. वळून बघतो तर अक्का मागं उभ्या. अनवाणी माणसाच्या पावलांचा आवाज येत नाही.

मी म्हणालो, "अक्का, हे तर सगळ्यात चांगलं बसलंय."

त्यांनी मान हलवली. "व्हय."

मग त्या बाभळीच्या सावलीत बसल्या आणि पहार माझ्या हातातून घेऊन बाजूला आडवी ठेवली. आधी आवाज साधाच होता, एखादा निरोप सांगावा तसा.

"हितं खाली माजा भाऊ हाय सायब. धाकला. अंगावर पीत हुता अजून. आई खडी फोडायची तवा तीन काठ्यांना झोळी बांधायची, आन मी झोका द्यायची. उनाचं दिस हुतं. खानीत वारं येत न्हाय, दगड तापत्यात. रडून रडून त्यो गप झाला. मला वाटलं निजला. मी आपली झोका देत राह्यले."

त्यांनी आडव्या पहारीला लागलेली माती हातानं पुसली.

"आईनं हात लावला तवा कळालं. खानीच्या काठाला हितंच ठिवला त्याला. बाप घडवत हुता त्यो पाटा तसाच अर्धा सोडून त्यानं त्याच्यावर ठिवला. आई हुती तवर दरसाल उनाळ्यात येऊन तांब्याभर पानी घालायची त्याच्यावर. म्हनायची, पोर तानेलं गेलं माजं. मंग आई गेली. मंग तुमचा भराव आला. पाटा गेला खाली."

"अक्का, तुम्ही बोलला का नाहीत तेव्हाच?"

"कुनाला? अन काय म्हनून? भरावाच्या गाड्या लागल्या हुत्या. येका लेकरासाटी खान उगडी ठिवत न्हाईत." त्यांनी बोटानं मातीवर रेघ ओढली. "मी म्हटलं, निदान गुरांच्या खुराखाली तरी नको. पानी आलं की गवत येतंय, गवत आलं की गुरं येत्यात. म्हणून पानीच नको. मी खोटं बोलतीया, मला ठावं हाय. तुमी सांगायचं तर सांगा."

मी कुणाला सांगणार होतो? मी पहार उचलून घरी आलो. पुढच्या वर्षीपासून मी तो प्रश्न विचारणं बंद केलं. नकाशातलं ते रिकामं वर्तुळ नजरेत आलं की मी नजर पुढे न्यायचो. खरं सांगायचं तर मला बरं वाटायचं. इतकं पाणी फिरवतोय सगळीकडे, एक जागा एका माणसाच्या दुःखासाठी कोरडी राहिली तर काय बिघडलं, असं वाटायचं.

मग ते वर्ष आलं. पाऊस आला आणि तोंड दाखवून गेला. गावात कडबा मिळेना, आजूबाजूच्या गावांची गुरंही आमच्या फाटकाशी यायला लागली. खाणीच्या तळ्यात पाणी होतं, पण कुरणाचे तुकडे उघडले की संपत होते. गवत पुन्हा वाढायला वेळ लागतो, आणि पोटाला वेळ कळत नाही. सगळ्यांची नजर त्या कोपऱ्यावर गेली. गेलीच असती. रिकामी जमीन, शेजारी पाणी, आणि गुरं उपाशी.

इमामभाई पहिल्यांदा बोलले. त्यांचा दुधाचा धंदा. एक छोटा टेम्पो आणि गोठ्यात थोड्या म्हशी. अक्कांवर त्यांचा फार जीव, ईदला शीरखुर्म्याचा डबा आधी अक्कांकडे जायचा. ते फाटकाशी टोपी हातात घेऊन उभे राहिले.

"अक्का, खांबाकडचा कोपरा तेवढा सोडा की. आता लावलं तर निदान पुढं चारा हाताशी येईल."

"तितलं बसलं न्हाय इमामभाई."

"कधी बसणार अक्का? माझी दाढी पांढरी झाली."

अक्का फाटकाची कडी लावायला वळल्या. इमामभाईंनी पुन्हा विचारलं नाही. अक्का सांगतात तर तसंच असेल, असा त्यांचा विश्वास होता, आणि मला वाटतं त्या विश्वासानंच अक्का आतून पोखरल्या गेल्या. त्यानंतर त्या पाहणीला यायच्या, चपला कडीला अडकवायच्या, सगळीकडे फिरायच्या आणि खांबापर्यंत येऊन परत फिरायच्या. सुनेला शिव्या देणंसुद्धा बंद झालं होतं.

मग एका सकाळी इमामभाई एक म्हैस घेऊन आले. तरणी म्हैस, नुकती पहिल्यांदा व्यालेली, अंगावर हाडं दिसत होती. तिला वैरागच्या बाजाराला न्यायची होती. टेम्पो बाहेर उभा होता. आमच्याकडची पद्धत अशी की, विकायला काढलेलं जनावर दावणीवरून सुटलं की जाण्याआधी त्याला पोटभर पाणी दाखवायचं. इमामभाईंच्या बोअरला पाणी नव्हतं, म्हणून ते तिला आमच्या पंपाशी घेऊन आले होते.

"सायब, जरा चालू करता का? घरातनं तानेली जाऊ नये."

मी पंप सुरू केला. हौदात पाणी पडायला लागलं आणि म्हशीनं त्यात तोंड घातलं. ती पीत राहिली, पीत राहिली. मध्येच मान वर करायची, नाकातून पाणी गळायचं, पुन्हा तोंड खाली. इमामभाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि दुसरीकडे बघत होते. अक्का हौदाच्या पलीकडे उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांच्या ओठांचा रंग गेला होता.

टेम्पो गेला. धूळ बसली. पंप बंद करायला मी वळलो तर अक्का म्हणाल्या, "सायब, त्या मानसाला कळतंय. मला कळलं न्हाय."

"काय अक्का?"

"आई तांब्यानं पानी घालायची. आयुष्यभर घातलं तिनं. आन मी काय केलं? मी त्याच्यावरचं पानी अडवून बसले. उनानं गेलेलं पोर वो. मीच त्याला कोरडं ठिवलं."

मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेलो. त्यांनी हात वर केला.

"लाइन टाका. आजच टाका."

मी टाकली. पाणी कमी होतं, म्हणून दुसऱ्या तुकड्यांच्या पाळ्या थोड्या थोड्या तोडून मी ते जुळवलं. संध्याकाळच्या आत नळ्या खांबापलीकडे गेल्या. तुषार संचाचं तोंड आधी फुसफुसलं, थोडी हवा टाकली आणि मग पाणी फिरायला लागलं. कोरडी माती पहिल्यांदा भिजते तेव्हा ती पाणी घेत नाही, वरून सरकू देते. मग हळूहळू काळी पडत जाते. अक्का वर्तुळाच्या बाहेर उभ्या होत्या. त्या रडल्या नाहीत. तोंडानं तेलुगूत काहीतरी चाललं होतं, पण त्या शिव्या नव्हत्या. "तम्मुडू" हा एक शब्द मला कळला. त्यांच्या भाषेत धाकट्या भावाला तसं म्हणतात, हे मला त्यांच्याकडूनच ठाऊक होतं.

त्या कोपऱ्यातलं गवत सगळ्या कुरणात दाट आलं. आता यावर कुणी काही म्हणेल, पण त्याचं कारण साधं आहे, तिथला गाळ इतकी वर्षं वापरलाच गेला नव्हता. पाहणीच्या दिवशी अक्का त्या तुकड्याच्या कडेला बराच वेळ थांबल्या. मग पाऊल टाकलं. टाच रोवायची, भार टाकायचा, ही रीत तिथं त्यांनी पाळली नाही. झोपलेल्या मुलाच्या अंथरुणाशेजारून जावं तशा बोटांवर चालल्या. ठोंब ओढून बघितला. पात तुटून हातात आली. बाहेर येऊन इमामभाईंना म्हणाल्या, "सोडा तुमच्या म्हशी. पैल्यांदा तुमच्याच." इमामभाईंच्या गोठ्यातल्या उरलेल्या म्हशी आत गेल्या. विकलेली विकली गेली होती, ती काही परत येणार नव्हती. अक्कांना ते शेवटपर्यंत लागून राहिलं. "त्या येका म्हशीचं पाप माज्यावर हाय," असं त्या मध्येच कधीतरी म्हणायच्या, आणि मी नाही म्हटलं तरी त्यांना ते पटायचं नाही.

त्या हिवाळ्यात त्यांचा खोकला वाढला. सोलापूरला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी छातीचा फोटो काढला आणि घरच्यांना बाजूला बोलावलं. अक्कांनी कामावर येणं बंद केलं. फाटकाची कडी रिकामी दिसायला लागली. पाहणी करायला संस्थेनं दुसरा माणूस नेमला, तो बूट घालून यायचा. मला तो आवडला नाही.

उन्हं तापायला लागली तेव्हा एक दिवस इमामभाईंचा टेम्पो फाटकाशी थांबला. पुढच्या सीटवर अक्का. किती वाळल्या होत्या! नुसत्या साडीलाच कुणीतरी सीटवर बसवलंय असं वाटलं. इमामभाई मला हळूच म्हणाले, "सकाळपासून एकच धोशा, कुरणात न्या. घरचे नको म्हणत होते. मी आणलं."

फाटकाशी त्यांनी चपला काढल्या. पण हात वर नेता येईना. मी त्यांच्या हातातून चपला घेतल्या आणि कडीला अडकवल्या. मग का कोण जाणे, माझे बूटही काढून खाली ठेवले. अक्कांनी माझ्या पायांकडे बघितलं.

"आता बसलं," त्या म्हणाल्या. आवाज जेमतेम फुटत होता. "तुपातलं ऱ्हायलं न्हाईत."

एका बाजूला इमामभाई, एका बाजूला मी, असे आम्ही त्यांना खांबापलीकडे घेऊन गेलो. कोपरा चरून झाला होता, पाणी द्यायची पाळी होती. मी सुरू करणारच होतो, पण त्यांचा टेम्पो दिसला म्हणून थांबलो होतो. बाभळीच्या जरा अलीकडे त्या खाली बसल्या. मातीवर हात फिरवला. पलीकडच्या तुकड्यात म्हशी चरत होत्या, त्यांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येत होत्या. इमामभाई म्हशींकडे गेले. त्यांना तिथं थांबणं सहन झालं नसावं.

"पानी का न्हाय सोडलं?" अक्कांनी विचारलं.

"तुम्ही भिजाल अक्का. तुम्हाला नेल्यावर सोडतो."

"सोडा."

"अक्का, छाती भरलीय तुमची. डॉक्टर काय म्हणालेत?"

त्या नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्या नजरेपुढे आजवर अध्यक्षांचं काही चाललं नव्हतं, माझं काय चालणार? मी खांबाकडे गेलो आणि व्हॉल्व्ह थोडासाच उघडला. पाणी फिरायला लागलं. आधी लांबवर पडलं, मग फेरी घेत घेत बाभळीवर आलं, आणि मग अक्कांवर. एकदा गेलं. पुन्हा फिरून आलं. त्यांच्या केसांतून पाणी गळायला लागलं, साडी अंगाला चिकटली. त्या थरथरत होत्या. मला ते बघवेना. मी पुन्हा व्हॉल्व्हला हात घातला.

अक्कांनी तिथूनच हात वर केला. दुसरा तळहात मातीवर पालथा टेकवलेला होता, लहान मुलाच्या पाठीवर ठेवावा तसा.

"ऱ्हाऊ द्या सायब," त्या म्हणाल्या. "बंद करू नका. पितोय त्यो."

मी व्हॉल्व्हवरचा हात काढून घेतला.